दात किंवा दाढ काढल्यानंतर घरी घ्यायची काळजी

दाढ काढण्याचे काम दंतवैद्य बहुतेक वेळा तासाभराच्या आत संपवतात, पण ती जखम भरून येण्याचे काम पुढे कित्येक दिवस घरीच चालू असते आणि त्याची बरीचशी जबाबदारी रुग्णावर व त्याच्या घरच्यांवर येते. दवाखान्यातून निघताना सूचनांचा कागद हाती दिला जातो, मात्र त्या वेळी तोंड बधिर असते, मन थकलेले असते आणि कागदावरच्या ‘हे करू नये, ते करू नये’ अशा ओळींमागचे कारण सांगायला कोणाला वेळ नसतो. कारण ठाऊक असले की नियम पाळणे सोपे जाते आणि कागदात न लिहिलेला प्रसंग आला तरी काय करावे हे सुचते. म्हणून येथे प्रत्येक सूचनेबरोबर तिचे कारणही दिले आहे. हे विवेचन मुख्यतः दात आणि अक्कलदाढ काढण्याविषयी आहे, पण हिरडीची शस्त्रक्रिया किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ) यांनाही त्यातले बरेचसे लागू पडते. तुमच्या दंतवैद्यांनी एखादी वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळावी, कारण तुमची जखम त्यांनी पाहिलेली आहे.

सारे काही रक्ताच्या गुठळीसाठी

दात निघाला की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खळगा उरतो. तो काही मिनिटांत रक्ताने भरतो, रक्त गोठते आणि खळग्यावर गडद लाल रंगाची गुठळी बसते. ही गुठळी उघड्या पडलेल्या हाडावर आणि मज्जातंतूंच्या टोकांवर झाकण घालते. त्याशिवाय कडेच्या ऊतींमधून येणाऱ्या नव्या पेशींना व सूक्ष्म रक्तवाहिन्यांना पुढे सरकण्यासाठी आधारही तीच देते. ती टिकली तर जखम आपल्या क्रमाने भरते. ती निसटली किंवा वेळेआधी विरघळली, तर हाड उघडे पडते आणि त्या वेदना मूळ दातदुखीहूनही तीव्र असू शकतात.

पहिल्या दिवशी ही गुठळी फार नाजूक असते. तिला धोका पोहोचतो तो प्रामुख्याने तोंडात ओढ किंवा दाब निर्माण करणाऱ्या क्रियांमुळे. स्ट्रॉने पेय ओढणे, सिगारेटचा झुरका घेणे, जोरात थुंकणे, खळखळून चूळ भरणे आणि जिभेने किंवा गालाने जखम चोखत राहणे, या सगळ्यांत एकच गोष्ट घडते, ती म्हणजे गुठळी जागची हलते. सूचनांच्या कागदावर हे वेगवेगळे नियम म्हणून लिहिलेले असतात, पण त्यांचे मूळ एकच आहे.

पहिले काही तास

जखमेवर गॉझची, म्हणजे जाळीदार वैद्यकीय कापडाची, घडी ठेवून ती दातांखाली घट्ट दाबून धरायला सांगितले जाते. साधारण ३० ते ४५ मिनिटे ती सलग दाबून धरावी, चावत राहू नये आणि मध्येच काढून ‘रक्त थांबले का’ हे पाहू नये. दर पाच मिनिटांनी गॉझ उचलणे हे घरी रक्त न थांबण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे, कारण प्रत्येक वेळी गॉझला चिकटलेली कोवळी गुठळी त्याच्याबरोबर वर येते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे घडी चुकीच्या जागी असणे. घडी शेजारच्या दातांवर टेकलेली असली, तर आपण कितीही जोरात दाबले तरी जखमेवर दाब पडतच नाही. म्हणून घडी जाड करावी आणि ती नेमकी खळग्यावर बसवावी.

गॉझ काढल्यावरही रक्त येत असेल, तर ताठ बसून नवी स्वच्छ घडी पाण्याने किंचित ओली करून, म्हणजे ती चिकटणार नाही, पुन्हा अर्धा तास सलग दाबावी. गॉझ संपले असतील तर काळ्या चहाची पिशवी ओली करून, पिळून आणि गार करून त्याच पद्धतीने दाबता येते. चहातील टॅनिनमुळे रक्त गोठण्यास थोडी मदत होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिले २४ तास लाळ गुलाबी किंवा तांबूस दिसणे स्वाभाविक आहे आणि रक्ताचे दोन-चार थेंब लाळेत मिसळले की ते पुष्कळ वाटतात. लाळेत रेघा दिसणे निराळे आणि तोंड वारंवार ताज्या लाल रक्ताने भरणे निराळे, आणि काळजी करायची ती दुसऱ्या प्रकाराची. लाळ बाहेर टाकायची झाल्यास थुंकू नये, मान खाली वाकवून ती आपोआप गळू द्यावी. झोपताना गॉझ तोंडात ठेवू नये, कारण झोपेत तो घशात जाण्याचा धोका असतो.

स्थानिक भुलेचा बधिरपणा ओठ, गाल आणि जीभ यांत काही तास टिकतो. जास्त काळ चालणारे औषध वापरले असेल, तर तो आठ तास किंवा त्याहूनही अधिक राहू शकतो. बधिर अवस्थेत गरम पदार्थ तोंडात घेतला तर भाजल्याचे कळत नाही आणि चावताना ओठ किंवा गाल दाताखाली आला तरी जाणवत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर मोठ्यांनी जवळ बसून लक्ष ठेवावे, कारण बधिर ओठ चावून पाहण्याचा मुलांना मोह होतो आणि भूल उतरल्यावर तेथे मोठी जखम झालेली आढळते.

गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल दिली असेल, तर पुढचे २४ तास वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये, महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये आणि घरात जबाबदार व्यक्ती सोबत असावी. माणूस स्वतःला शुद्धीत समजत असतो, पण त्याचा निर्णय आणि हालचाली अजून मंदावलेल्या असतात.

पहिल्या दोन रात्री डोके छातीपेक्षा वर राहील असे एक-दोन जास्तीच्या उशा घेऊन झोपावे. त्यामुळे जखमेकडील रक्ताचा दाब आणि सूज दोन्ही कमी राहतात. याच कारणाने पहिले तीन-चार दिवस वजन उचलणे, वाकून करायची कामे, धावणे आणि जोराचा व्यायाम टाळावा. शस्त्रक्रिया मोठी असेल, तर हा अवधी आठवडाभराचा धरावा.

वेदना: किती आहेत यापेक्षा कोणत्या दिशेने चालल्या आहेत

वेदनाशामक औषधाबाबत सर्वांत उपयोगी सल्ला वेळेचा आहे. भूल पूर्ण उतरून ठणका सुरू झाल्यावर गोळी शोधण्यापेक्षा, बधिरपणा कमी होऊ लागताच पहिली मात्रा घ्यावी. गोळीचा परिणाम व्हायला अर्धा ते एक तास लागतो, आणि एकदा भडकलेली वेदना शमवण्यापेक्षा ती वर चढू न देणे सोपे असते. पहिले दोन-तीन दिवस दुखेल तेव्हा गोळी घेण्याऐवजी सांगितलेल्या अंतराने वेळ पाळून घेणे बहुतेकांना अधिक मानवते.

अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनांवर औषधांची परीक्षा घेणे ही वैद्यकीय संशोधनातील एक रुळलेली पद्धत आहे, त्यामुळे या विशिष्ट दुखण्यावर काय चालते याची माहिती चांगली उपलब्ध आहे. आयबुप्रोफेन सूज निर्माण करणाऱ्या द्रव्यांवर काम करते, तर पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या पातळीवर वेदना कमी करते. दोघांचे मार्ग वेगळे असल्यामुळे ती एकत्र घेतल्यास एकट्या-दुकट्या गोळीपेक्षा अधिक आराम मिळतो आणि अनेकदा अफूवर्गीय औषधांची गरजच भासत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी साधारणपणे ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी मात्रा वापरली जाते, परंतु आपल्यासाठी मात्रा आणि अंतर किती हे दंतवैद्यांकडून लिहून घ्यावे. आयबुप्रोफेन काही खाल्ल्यावर घ्यावे. पोटात अल्सर असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, अशा गोळ्यांनी दमा वाढणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉलची निरोगी प्रौढांसाठी २४ तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. यकृताचा विकार असेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर ती आणखी कमी धरावी लागते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन वेगळ्या नावांची औषधे घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत. नकळत दुप्पट मात्रा पोटात जाणे अगदी सहज घडते.

ॲस्पिरिन वेदनेसाठी घेऊ नये, कारण ते रक्त गोठण्यात अडथळा आणते, आणि मुलांना तर ते देऊच नये. ॲस्पिरिनची गोळी थेट हिरडीवर ठेवण्याचा उपाय काही जण करतात. त्याने दुखणे कमी होत नाही, उलट तेथील त्वचा भाजून पांढरी पडते. लवंगेचे तेलही ताज्या जखमेत स्वतःहून घालू नये.

सर्वसाधारणपणे वेदना पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतात आणि तिसऱ्या दिवसापासून दररोज थोड्या-थोड्या कमी होत जातात. माझ्या मते रुग्णाने लक्ष ठेवायचे ते या दिशेवर. दुसऱ्या दिवशी बरेच दुखते आहे पण पहिल्या रात्रीपेक्षा कमी, हे ठीक आहे. कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पुन्हा चढू लागले, तर ते तुलनेने सौम्य असले तरी दंतवैद्यांना कळवावे. झोपण्यापूर्वी दोन शब्दांत रोजची नोंद लिहून ठेवली की फोनवर नेमके सांगता येते, आणि ‘बरे आहे की बिघडले आहे’ हा मनातला गोंधळही मिटतो.

सूज, डाग आणि आखडलेला जबडा

गालावरची सूज दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त दिसते आणि त्यामुळे पुष्कळ जण घाबरतात. वास्तविक सूज शस्त्रक्रियेनंतर ४८ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग उतरू लागते. हाड कापून रुतलेली दाढ काढली असेल, तर ती पूर्ण जायला आठवडा लागू शकतो. पहिल्या दिवशी, आणि शक्यतो दुसऱ्याही दिवशी, कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर १५ ते २० मिनिटे ठेवावा, तेवढाच वेळ काढून ठेवावा आणि जागे असेपर्यंत असे आळीपाळीने करावे. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये, कारण बधिर गालाला थंडीची इजाही कळत नाही. ४८ तासांनंतर बर्फाचा फारसा उपयोग उरत नाही. त्यानंतर कोमट, ओलसर शेक द्यावा, त्याने स्नायू सैल होतात. पहिल्या दिवशी गरम शेक मात्र देऊ नये, त्याने रक्तस्राव आणि सूज वाढते.

गालावर किंवा जबड्याखाली निळसर डाग उमटतो, तो पुढे हिरवट-पिवळा होतो आणि कधी मानेपर्यंत खाली उतरतो. ते ऊतींमध्ये साचलेले रक्त असते आणि एक-दोन आठवड्यांत ते आपोआप विरते. खालची अक्कलदाढ काढल्यावर तोंड पुरते न उघडणे हेही नेहमीचे आहे, कारण चावण्याचे स्नायू सुजतात व आखडतात. दोन-तीन दिवसांनंतर दिवसातून काही वेळा, दुखणार नाही इतपत, तोंड हळूहळू उघडण्याचा सराव करावा. जोर लावून ते उघडू नये. दोन आठवड्यांत फरक पडत नसेल, किंवा एकदा उघडू लागलेले तोंड पुन्हा आखडत असेल, तर दाखवावे.

खाणे-पिणे

बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत खाणे लांबवावे. पाणी मात्र लवकर प्यायला लागावे, कारण भूल, वेदना आणि उपवास यांमुळे शरीर कोरडे पडते व अशक्तपणा जाणवतो. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, पातळ अथवा अगदी मऊ पदार्थ घ्यावेत: दही, गाळलेले सूप, कुस्करलेले केळे, मऊ शिजवलेले अंडे, कुस्करलेला बटाटा. पेय पेल्यातून घोट घेऊन किंवा चमच्याने घ्यावे, स्ट्रॉने घेऊ नये. पुढचे काही दिवस न चावता जिभेने दाबून गिळता येईल असे अन्न घ्यावे आणि चावायला सुरुवात केल्यावर ती दुसऱ्या बाजूने करावी. कुरकुरीत, टोकदार आणि बारीक दाण्यांचे पदार्थ आठवडाभर तरी टाळावेत, कारण खळग्यात अडकलेला कण सहज निघत नाही आणि तो टोकरून काढण्याच्या प्रयत्नात गुठळी हलते. तिखट आणि आंबट पदार्थ जखमेला झोंबतात, एवढेच, आणि ते कधी सुरू करायचे हे आपल्या जिभेवर सोडायला हरकत नाही.

अन्न मऊ असले तरी सकस असावे. ऊती नव्याने बांधायला प्रथिने लागतात, आणि तीन-चार दिवस नुसती गोड पेये घेऊन काढणारी माणसे अकारण खंगतात. मधुमेह असलेल्यांनी तर जेवणाच्या वेळा आणि औषधांच्या मात्रा यांविषयी आधीच विचारून ठेवावे, कारण खाणे कमी आणि इन्शुलिन नेहमीइतकेच असे झाले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि ती फार वाढलेली राहिली तर जखम भरायला उशीर होतो.

तोंडाची स्वच्छता

पहिले २४ तास चूळ भरू नये. जखमेजवळचे दात सोडून बाकीचे दात मऊ ब्रशने हळुवार घासण्यास हरकत नाही. फेस थुंकण्याऐवजी तो गळू द्यावा. ‘जखम आहे म्हणून ब्रशच नको’ असे करून तीन-चार दिवस काढणे चुकीचे आहे, कारण दातांवर साचलेला जिवाणूंचा थर जखमेच्या शेजारीच वाढतो.

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याचा उपयोग सुरू करावा. एक पेला पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते. घोट तोंडात घेऊन खळखळवू नये. मान एका बाजूला कलती करून पाणी जखमेवरून फिरू द्यावे आणि तोंड उघडून ते बाहेर पडू द्यावे. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः प्रत्येक खाण्यानंतर, आठवडाभर असे करावे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे द्रावण दिले असेल, तर तेही सांगितल्याप्रमाणे वापरावे. टूथपेस्टमधील काही घटक त्याचा परिणाम कमी करतात, म्हणून ब्रश आणि हे द्रावण यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. त्याने काही काळ चव बदलते आणि दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. हे डाग साफ करून निघतात, पण त्यामुळेच हे द्रावण ठरलेल्या दिवसांपलीकडे वापरत राहू नये. मद्यार्क असलेले बाजारी माउथवॉश या काळात नकोत.

खालच्या अक्कलदाढेच्या खोल खळग्यात अन्न अडकत राहते. त्यासाठी काही दंतवैद्य वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज देतात. ती पहिल्या दिवसापासून वापरण्यासाठी नसते. गुठळी स्थिरावल्यावर, साधारण पाच-सात दिवसांनी आणि सांगितल्यावरच, हलक्या दाबाने खळगा धुवावा.

आरशात पाहताना खळग्यात पांढरट-पिवळसर थर दिसला की बहुतेकांना तो पू वाटतो आणि ते तो खरवडायला जातात. तो बहुधा फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) आणि नव्या ऊतींचा थर असतो, म्हणजे जखम भरत असल्याची खूण. त्याला हात लावू नये. पू असेल तर त्याबरोबर वाढती सूज, दुर्गंधी, वाईट चव, ताप किंवा वाढता ठणका यांपैकी काही तरी असतेच.

ड्राय सॉकेट ओळखावे कसे

गुठळी निसटून किंवा विरघळून खळगा रिकामा राहतो आणि हाड उघडे पडते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाताच्या बाबतीत ते क्वचित होते. खालच्या अक्कलदाढेनंतर त्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. त्याची वेळ ठरलेली असते. पहिले एक-दोन दिवस बरे गेल्यावर, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान, खोलवर ठणका सुरू होतो, तो कान, कानशील आणि मानेपर्यंत जातो, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि तोंडाला घाण चव व वास येतो. धूम्रपान, संततिनियमनाच्या गोळ्या, अवघड रीतीने काढलेला दात आणि पूर्वी झालेले ड्राय सॉकेट यांमुळे त्याची शक्यता वाढते.

याचा उपाय घरी नसतो आणि सोसत बसण्याचेही कारण नसते. दंतवैद्य खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि बहुतेकांना थोड्याच वेळात मोठा आराम पडतो. पट्टी काही दिवस बदलावी लागू शकते. हा मुळात जंतुसंसर्ग नसल्यामुळे घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू करून काहीही साधत नाही.

तंबाखूविषयी येथेच सांगितले पाहिजे. झुरक्याची ओढ हा त्याचा एक भाग झाला. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्तपुरवठा कमी होतो, हा दुसरा. चघळण्याच्या तंबाखूचे कण तर थेट जखमेतच जातात. किमान ७२ तास, आणि शक्यतो दोन आठवडे, तंबाखू कोणत्याही रूपात घेऊ नये. सवय सोडणे कठीण वाटत असेल, तर शस्त्रक्रियेआधीच दंतवैद्यांना स्पष्ट सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि आधी सांगितले तर मदतीची सोय करता येते.

आधीपासून औषधे चालू असलेल्यांसाठी

रक्त पातळ करणारे औषध किंवा हृदयविकारासाठी दिलेले कमी मात्रेचे ॲस्पिरिन चालू असेल, तर रक्त येते म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. तोंडातला रक्तस्राव दाबून आटोक्यात आणता येतो, पण मेंदूत किंवा हृदयात झालेली गुठळी जिवावर बेतते. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट अथवा डेनोसुमॅब घेतले असेल, तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी जखम बरी झाल्यासारखी वाटली तरी पुढच्या तपासण्या चुकवू नयेत आणि हिरडीतून उघडे हाड दिसले तर लगेच दाखवावे. प्रतिजैविके प्रत्येकाला लागतातच असे नाही. दिली असतील तर सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावीत, आणि मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य करावे.

केव्हा थांबू नये

दोनदा अर्धा-अर्धा तास नीट दाबूनही ताजे रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप टिकून असेल, जखमेतून पू येत असेल किंवा पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी दंतवैद्यांशी संपर्क साधावा. भूल उतरण्याचा काळ उलटून गेल्यावरही खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहिली, तर तेही कळवावे. जवळून जाणाऱ्या मज्जातंतूला धक्का बसल्याने असे होते आणि बहुतेकांत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, पण त्याची नोंद पहिल्यापासून असणे गरजेचे आहे.

काही लक्षणांसाठी मात्र फोनचीही वाट पाहू नये, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. श्वास घ्यायला त्रास होणे, स्वतःची लाळही गिळता न येणे, आवाज घोगरा किंवा दबलेला होणे, जिभेखालची जागा फुगून जीभ वर ढकलली जाणे, जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज येणे, किंवा सूज डोळ्यापर्यंत चढणे, ही ती लक्षणे. जबड्याखालच्या अशा पसरत्या संसर्गाचे वर्णन जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो क्वचित होतो, पण काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे आणि धाप लागणे हेही तितकेच तातडीचे आहे.

पुढचे आठवडे

वरच्या मागच्या दाढांची मुळे गालाच्या हाडामागील सायनसच्या पोकळीला खेटून असतात. तेथील दाढ काढल्यानंतर सायनस उघडल्याचे सांगितले असेल, तर सुमारे दोन आठवडे नाक शिंकरू नये आणि शिंक आलीच तर ती दाबून न धरता तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. प्यालेले पाणी नाकातून येऊ लागले, तर दाखवावे. हिरडीचे कलम लावले असेल, तर ओठ ओढून ते रोज पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्या ओढीनेच कलम सुटते. इम्प्लांट बसवले असेल, तर त्याचा हाडाशी पक्का जोड व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि दुखणे थांबले म्हणजे त्यावर जोर देता येतो असे नाही.

टाके विरघळणारे आहेत की काढावे लागणार, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. रेशमी टाके साधारण आठवड्याने काढतात. विरघळणारे टाके त्यांच्या प्रकारानुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत टिकतात, आणि त्यांचे टोक जिभेला टोचले तरी ते ओढू किंवा कापू नये. टाका पहिल्या एक-दोन दिवसांतच सुटला, तर कळवावे.

खळग्यावरची हिरडी तीन-चार आठवड्यांत बरीचशी मिटते. आतले हाड भरायला काही महिने लागतात. या काळात हिरडीतून एखादा टोकदार, कठीण कण वर आलेला जिभेला लागतो आणि दाताचा तुकडा आत राहिला की काय अशी शंका येते. बहुधा ती हाडाची बारीक कपची असते, जी शरीर आपोआप बाहेर ढकलत असते. ती सैल होऊन पडली तर ठीक. टोचत असेल किंवा भोवतालची हिरडी लाल झाली असेल, तर चिमट्याने किंवा नखाने ती न उपटता दंतवैद्यांकडे जावे, ते ती काही क्षणांत काढून देतात.